सूर्य नाकासमोर येतो तेव्हा : सोलापूरच्या उन्हात गॉगल कोणता आणि कधी

नकाशावर सोलापूर ते पुणे अशी सरळ रेघ ओढली, तर ती पश्चिमेपासून उत्तरेकडे चोवीस अंशांच्या आसपास कललेली निघते. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात सोलापुरात सूर्य मावळतो तोही पश्चिमेपासून उत्तरेकडे साधारण पंचवीस अंशांवर. मोहोळ, टेंभुर्णी, इंदापूर करत जाणारा महामार्ग अधूनमधून वळतो, पण त्याचा एकूण रोख तोच. त्यामुळे मे-जूनमध्ये संध्याकाळी सहाच्या पुढे पुण्याकडे निघालेल्या माणसाच्या नाकासमोर सूर्य येतो आणि सातपर्यंत तिथून हलत नाही. हिवाळ्यात टोक उलटतं. डिसेंबरात सूर्य आग्नेयेला उगवतो आणि सोलापूरहून अक्कलकोटही आग्नेयेलाच आहे. मार्गशीर्षात, दत्तजयंतीच्या दिवसांत, भल्या सकाळी स्वामींच्या दर्शनाला मोटारसायकलवरून निघालात तर सात-सव्वासातला ऊन थेट डोळ्यांत घुसतं. पंढरपूर नेमकं पश्चिमेला. त्या रस्त्यावरची अवघड संध्याकाळ मार्च आणि सप्टेंबरच्या उत्तरार्धात येते. तुळजापूरचा रस्ता उत्तरेकडे जातो, म्हणून तिथे ऊन समोरून कमी आणि फ्रेमच्या बाजूच्या फटीतून जास्त येतं.

हे आधी सांगण्याचं कारण आहे. गॉगल घेताना दुकानदार आरसा पुढे करतो आणि आपण चेहऱ्याला फ्रेम शोभते का एवढंच बघतो. बघायला हवं ते वेगळं : आपण तो कुठल्या वेळी, कुठल्या दिशेला तोंड करून आणि काय करताना घालणार आहोत. सोलापूरच्या एका दिवसात उजेड इतक्या वेळा पालटतो की सकाळी सहापासून संध्याकाळी सातपर्यंत एकच गडद काच चालवणं डोळ्यांच्या सोयीचं नाही, आणि गाडी चालवताना तर ते धोक्याचं आहे.

उजेडाचे आकडे पाहिले की हे पटेल. उघड्या माळावर दुपारी सुमारे एक लाख लक्स उजेड असतो. तिथून लिंबाच्या सावलीत आलात की तो दहा-वीस हजारांवर येतो. घरातल्या खोलीत काही शे लक्स असतात आणि सूर्य क्षितिजाला टेकतो तेव्हा बाहेरही चारशेच्या आसपासच उरतात. डोळ्याची बाहुली क्षणात लहानमोठी होते, पण आतल्या पडद्याला सरावायला वेळ लागतो. उजेडातून अंधारात आल्यावर पहिली काही मिनिटं आपण चाचपडतो, आणि डोळा पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटं जातात. दुपारी दोनला जी काच डोळ्यांना गारवा देते ती साधारण बारा टक्के उजेड आत सोडते. तीच काच सूर्यास्ताला डोळ्यांवर राहिली तर चारशे लक्सचे पन्नासच उरतात. रस्त्याच्या कडेने चाललेली बैलगाडी किंवा मागे दिवा नसलेला उसाचा ट्रॅक्टर या पन्नास लक्समध्ये दिसतो, पण उशिरा दिसतो.

काळेपणा आणि संरक्षण

गॉगलची काच दोन वेगळी कामं करते. डोळ्यांना दिसणारा उजेड ती कमी करते आणि न दिसणारे अतिनील किरण अडवते. या दोन कामांचा एकमेकांशी संबंध नाही. पूर्ण पांढरी काचही अतिनील किरण जवळजवळ पुरते अडवू शकते, आणि काळीकुट्ट काच त्यांना आत सोडू शकते. दुसरा प्रकार घातक, कारण काळोख झाला असं समजून बाहुली मोठी होते आणि अतिनील किरणांना आत शिरायला रुंद वाट मिळते. म्हणून 'जितकी गडद तितकी सुरक्षित' ही समजूत मनातून काढून टाका. लेबलवर 'यूव्ही ४००' असं लिहिलेलं असावं. याचा अर्थ ४०० नॅनोमीटरपर्यंतच्या तरंगलांबीचे, म्हणजे सगळे अतिनील किरण अडवले जातात. शंका वाटली तर चष्म्याच्या दुकानात काच यंत्रावर तपासून मागा. अनेक दुकानांत हे छोटं यंत्र असतं आणि तपासणीला मिनिटही लागत नाही.

पॉलिकार्बोनेट नावाचं प्लास्टिक मुळातच अतिनील किरण अडवतं आणि फुटून डोळ्यात जात नाही. त्यामुळे काही शे रुपयांचा पॉलिकार्बोनेटचा गॉगलही हे काम नीट करू शकतो. महाग गॉगलचे जास्तीचे पैसे बहुधा फ्रेम, नाव आणि काचेची सफाई यांचे असतात. स्वस्तात खरी फसगत होते ती काचेच्या सफाईत. गॉगल हाताच्या अंतरावर धरा, एक डोळा मिटा आणि काचेतून दाराची उभी चौकट किंवा खिडकीचे गज बघत गॉगल सावकाश डावी-उजवीकडे, वर-खाली हलवा. सरळ रेघ लाटेसारखी वळवळली तर तो गॉगल परत ठेवा. असा गॉगल तासभर घातला तरी डोकं दुखतं, आणि आपण दोष उन्हाला देतो.

उन्हाने डोळ्यांचं काय होतं हे शेतात राबणाऱ्यांना कुणी सांगायला नको. नाकाच्या बाजूने बुबुळाकडे सरकत येणारा मांसल पडदा, ज्याला वडस म्हणतात, उन्हातान्हात आयुष्य गेलेल्यांच्या डोळ्यांत जास्त दिसतो. तो नाकाच्याच बाजूने का सुरू होतो याचं एक चांगलं स्पष्टीकरण ऑस्ट्रेलियातले नेत्रतज्ज्ञ मिनास कोरोनिओ यांनी मांडलं. कानाच्या बाजूने तिरके येणारे किरण डोळ्याच्या पुढच्या गोल पारदर्शक भागातून वळतात आणि पलीकडच्या, नाकाकडच्या कडेवर एकवटतात. मोतीबिंदू होण्यातही अतिनील किरणांचा वाटा आहे. ही हानी एका दिवसात होत नाही, वर्षानुवर्षं साठत जाते. म्हणून ऊसतोडीला जाणारे, रस्त्याच्या कामावरचे मजूर, चौकात उभे राहणारे वाहतूक पोलीस, उजनीच्या पाण्यात दिवसभर नाव घेऊन असणारे मासेमार यांना गॉगलची गरज हौसेखातर फिरणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त आहे. गॉगल घातलेल्या शेतकऱ्याकडे बघून गावात कुणी हसत असेल, तर हसू द्यावं.

कोरोनिओ यांच्या सांगण्यातून खरेदीचा एक निकष हाती येतो : बाजू बंद हवी. चेहऱ्याला लपेटणारी, कानाकडे वळलेली काच किंवा रुंद काड्यांची फ्रेम बाजूचे किरण अडवते. बारीक तारेची छोटी गोल फ्रेम दिसायला सुरेख असते, पण तिच्या चारी बाजूंनी ऊन आत येतं. वरची बाजू टोपीने झाकावी. मेच्या दुसऱ्या आठवड्यात सोलापुरात सूर्य दुपारी साडेबाराच्या आधी काही मिनिटं बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या पायाशी नाहीशी होते. त्या वेळी भुवई आणि वरची पापणी डोळ्याला आपसूक आडोसा देतात. तिरका सूर्य, म्हणजे सकाळी आठ-दहाचा आणि दुपारी तीन-चारचा, हा आडोसा चुकवतो. 'फक्त भर दुपारी घालतो' असं म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. पुढे छज्जा असलेली टोपी आणि साधा गॉगल ही जोडी नुसत्या भारी गॉगलपेक्षा जास्त काम करते. डोक्यावर सोलापुरी टॉवेल गुंडाळण्याची आपली पद्धतही चांगलीच, फक्त त्याची कड कपाळावर थोडी पुढे ओढून घ्या.

आकडा आणि रंग

चांगल्या गॉगलच्या काडीच्या आत बारीक अक्षरांत शून्य ते चार यांपैकी एक आकडा असतो. आयएसओ १२३१२-१ या आंतरराष्ट्रीय मानकातली ती वर्गवारी. शून्य वर्गाची काच ऐंशी टक्क्यांहून जास्त उजेड आत सोडते. पहिल्या वर्गाची त्रेचाळीस ते ऐंशी, दुसऱ्याची अठरा ते त्रेचाळीस, तिसऱ्याची आठ ते अठरा आणि चौथ्याची तीन ते आठ टक्के. चौथा वर्ग बर्फाच्छादित डोंगर आणि भर समुद्र यांच्यासाठी आहे. ताजा बर्फ ऐंशी टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परत फेकतो, गवत आणि माती त्याच्या कितीतरी कमी. चौथ्या वर्गाची काच घालून गाडी चालवायची नसते. सोलापूरच्या रणरणत्या उन्हालाही तिसरा वर्ग पुरतो. लडाखला जाणार असाल तर चौथ्याचा विचार करा.

एकच गॉगल परवडत असेल तर तिसऱ्या वर्गाचा घ्या आणि तो सकाळी ऊन चढल्यापासून संध्याकाळी ऊन पिवळं पडेपर्यंत वापरा. दुसरा घेता आला तर पहिल्या किंवा दुसऱ्या वर्गाचा, मळभासाठी आणि सकाळ-संध्याकाळसाठी. सायकल आणि धावण्यासाठी काचा बदलता येतील अशी फ्रेम मिळते. पहाटे पांढरी, नंतर गडद काच. मात्र बदललेली काच खिशात मोकळी टाकली की एका फेरीत तिच्यावर ओरखडे पडतात.

रंगाचं महत्त्व वर्गापेक्षा कमी, पण आहे. करडी काच सगळे रंग सारखे मंद करते, म्हणून सिग्नलचे रंग जसेच्या तसे दिसतात. दिवसभर गाडी चालवणाऱ्याने ती घ्यावी. तपकिरी काच निळसर धूसरपणा कापते आणि रंगांतला फरक उठावदार करते. सोलापूरच्या मुलखाला, माझ्या मते, हीच सगळ्यांत योग्य. इथलं दृश्य बहुतेक काळ्या जमिनीचं, वाळलेल्या गवताचं आणि धुळकट आभाळाचं आहे. नान्नजच्या माळावर, १९७९ साली घोषित झालेल्या माळढोक अभयारण्याच्या परिसरात, वाळलेल्या गवतात बसलेलं काळवीट किंवा लांडगा शोधायचा असेल तर तपकिरी काच करड्यापेक्षा लवकर साथ देते. हिरवट काच या दोहोंच्या मधली. निळ्या, गुलाबी, जांभळ्या काचा फोटोत छान दिसतात, रस्त्यावर नकोत. पिवळी काच धुक्यात, ढगाळ सकाळी बरी वाटते. रात्री गाडी चालवताना ती उपयोगाची, असं सांगून विकली जाते, पण रात्री ती आधीच तुटपुंजा असलेला उजेड आणखी कमी करते. कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरला रात्रभर चालत जाणाऱ्या भाविकांच्या रस्त्यावर वाहन चालवत असाल, तर डोळ्यांवर नंबरच्या पांढऱ्या काचेखेरीज काहीही नको.

आपोआप काळी होणारी काच

नंबरचा चष्मा असणाऱ्यांना दुकानात हमखास फोटोक्रोमिक काच सुचवतात. उन्हात काळी, सावलीत पांढरी. बदलत्या उजेडावर हाच उपाय असं ऐकायला सोपं वाटतं, म्हणून तिच्या मर्यादा नीट समजून घ्या.

या काचेतल्या द्रव्याचे रेणू अतिनील किरण पडले की आकार बदलतात आणि उजेड शोषू लागतात. किरण थांबले की ते मूळ आकाराकडे परततात. हे परतणं उष्णतेत वेगाने होतं. म्हणजे पारा चाळिशीच्या पुढे असताना एकीकडे रेणू काळे होत असतात आणि दुसरीकडे भराभर पांढरेही होत असतात. परिणाम असा की महाबळेश्वरच्या थंडीत जी काच चांगली गडद होते, तीच मे महिन्यात सोलापूरच्या होटगी रस्त्यावर अर्धवटच काळी होते. जिथे तिची सर्वांत जास्त गरज, तिथेच ती कमी पडते. यात एक चांगली बाजूही आहे. उन्हाळ्यात सावलीत आल्यावर ती लवकर पांढरी होते, हिवाळ्यात मात्र रेंगाळते.

दुसरी मर्यादा चारचाकीतली. मोटारीची पुढची काच दोन थरांची, मधे प्लास्टिकचा पापुद्रा असलेली असते आणि ती अतिनील किरण बहुतेक सगळे अडवते. किरणच आत पोहोचत नाहीत, म्हणून साधी फोटोक्रोमिक काच गाडीत काळी होत नाही. जूनच्या संध्याकाळी टेंभुर्णीच्या रस्त्यावर सूर्य समोर असताना ती पांढरीच राहते. दिसणाऱ्या उजेडावरही थोडी गडद होणारी खास काच मिळते, पण ती मागून घ्यावी लागते आणि महाग पडते. दुचाकीस्वार, शेतकरी, फिरतीवरचे विक्रेते, शाळेच्या मैदानावरचे शिक्षक यांना फोटोक्रोमिक काच सोयीची आहे. सतत आत-बाहेर करणाऱ्याला दोन चष्मे सांभाळावे लागत नाहीत आणि पांढऱ्या अवस्थेतही अतिनील संरक्षण मिळतं. ज्याचा दिवस मोटारीत जातो त्याने नंबरचा वेगळा गॉगल करून घ्यावा, किंवा चष्म्यावर अडकवायची गडद काच घ्यावी.

चकाकी

पोलराइज्ड काचेबद्दल दुकानात बरंच कौतुक ऐकू येतं, आणि त्यातलं बरंचसं खरंही आहे. पाणी, ओला रस्ता, गाडीचं बॉनेट अशा आडव्या पृष्ठभागावरून उडून येणारा उजेड बहुतांशी आडव्या पातळीत कंप पावत असतो. पोलराइज्ड काचेतला पापुद्रा नेमका तोच अडवतो. अमेरिकेतल्या एडविन लँड यांनी १९२९ च्या सुमाराला असा पापुद्रा स्वस्तात तयार करण्याची युक्ती शोधली. उजनीच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी पाहायला जाल तेव्हा या काचेचा फरक लगेच कळतो. पाण्यावरची चांदी पुसली जाते आणि पक्ष्यांचे पाय पाण्याखालपर्यंत दिसतात. हिप्परगा तलावावर किंवा संभाजी तलावाच्या काठी सकाळी फिरणाऱ्यांनाही ती सुखाची वाटेल.

पण समोरचा सूर्य ती पुसत नाही. थेट येणाऱ्या उजेडाला कुठलीच ठरावीक पातळी नसते, त्यामुळे सूर्याकडे तोंड असताना ही काच इतर गडद काचेइतकीच मदत करते. तिथे कामाला येतो तो वरचा सनव्हायजर किंवा टोपीचा छज्जा आणि स्वच्छ विंडस्क्रीन. सूर्य समोर असताना डोळे दिपवणारा बराचसा उजेड काचेवरच्या धुळीवरून पसरलेला असतो. धूळ बाहेर असते तशी आतूनही असते, आणि आतली बाजू आपण महिनोन्‌महिने पुसत नाही. संध्याकाळच्या प्रवासाआधी पेट्रोल पंपावर दोन्ही बाजूंनी काच पुसून घेणं हा गॉगलाइतकाच मोठा उपाय आहे. त्यानंतरही रस्ता दिसत नसेल तर वेग कमी करा, पुढच्या गाडीपासून अंतर वाढवा. चहासाठी अर्धा तास थांबलात तर सूर्य खाली गेलेला असतो.

पोलराइज्ड काचेची आणखी एक बाजू दुचाकीस्वारांनी लक्षात ठेवावी. पहिल्या पावसात रस्त्यावर तेलाचा तवंग येतो आणि तो त्याच्या चकाकीवरून ओळखू येतो. ही काच ती चकाकीच खाते. पावसाळ्यात दुचाकीवर साधी, कमी गडद काच बरी. मोबाइल किंवा गाडीतला पडदा या काचेतून एखाद्या कोनात काळा दिसतो, ते बिघाडाचं लक्षण नाही. उलट त्यावरून काच खरी पोलराइज्ड आहे का हे तपासता येतं : मोबाइलचा पडदा समोर धरून गॉगल सावकाश काटकोनात फिरवा, उजेड कमी-जास्त झाला पाहिजे. काही मोबाइलवर हा फरक नीट कळत नाही. तेव्हा दुकानातल्या दुसऱ्या पोलराइज्ड गॉगलवर आपला गॉगल आडवा धरून बघा, दोन काचा मिळून जवळजवळ अंधार व्हायला हवा. आणि पोलराइज्ड म्हणजे अतिनील संरक्षण आलंच असं गृहीत धरू नका, 'यूव्ही ४००' वेगळं विचारा.

पालखी, पार्क मैदान, ज्वारीचं रान

बदलता उजेड म्हणजे काय ते आषाढात पालखीबरोबर चालणाऱ्याला विचारावं. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नातेपुते, माळशिरस, वेळापूर करत वाखरीला येते, तुकाराम महाराजांची अकलूजच्या बाजूने. दोन्हीकडे मैलोन्‌मैल उघडा रस्ता आणि डोक्यावर पळणारे ढग. पाच मिनिटं झाकोळ, पाच मिनिटं लख्ख ऊन. ढग आले की आपण गॉगल काढून सदऱ्याला अडकवतो, पण पातळ ढगांतून अतिनील किरण ऐंशी टक्क्यांपर्यंत खाली येतात. उकाडा कमी झाला म्हणून किरण कमी झाले असं होत नाही. वारीसाठी दुसऱ्या वर्गाची तपकिरी काच घ्यावी आणि ती दिवसभर तशीच राहू द्यावी. लख्ख उन्हात ती थोडी कमी पडेल, ती तूट टोपीने भरून निघते. गॉगलला मागे दोरी बांधा. रिंगणाच्या गर्दीत खाली पडलेला गॉगल परत मिळत नाही.

पार्क मैदानावर उंच उडालेला झेल घेणाऱ्या मुलाला वेगळी गरज आहे. त्याची काच फुटता कामा नये, म्हणून तिथे पॉलिकार्बोनेटच हवं, खरी काच चालणार नाही. हिरवळीवरचा लाल चेंडू तपकिरी छटेतून उठून दिसतो. चेंडू सूर्याच्या रेषेत शिरला की मात्र कुठलाच गॉगल पुरत नाही. तेव्हा जुन्या खेळाडूंसारखा एक तळवा सूर्यावर धरून झेल घ्यायला शिकवावं.

मंगळवेढ्याच्या काळ्या रानात जानेवारी-फेब्रुवारीत ज्वारीची काढणी सुरू होते. या कामात उन्हापेक्षाही मोठा धोका आहे तो ज्वारीच्या पात्याचा, धसाचा आणि मळणीच्या भुश्श्याचा. डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला वनस्पतीचा ओरखडा गेला की त्यात बुरशी वाढू शकते, आणि बुरशीची जखम बरी व्हायला फार हट्टी असते. कितीकांनी अशा ओरखड्यावर घरगुती औषध घालत चार दिवस काढले आणि दृष्टी गमावली. मळणीयंत्रापाशी उभं राहणाऱ्याने बाजू बंद असलेला पांढरा पॉलिकार्बोनेटचा गॉगल घालावा. डोळ्यात काही लागलं तर स्वच्छ पाण्याने धुऊन त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा. मेडिकलमधून स्टिरॉइडचे थेंब आणून घालू नयेत, त्याने बुरशी आणखी बळावते.

दुचाकीवर स्कार्फ आणि सनकोट घालून जाणाऱ्या मुली-बायका सोलापुरात उन्हाळाभर दिसतात. चेहरा झाकला गेला तरी डोळे उघडेच राहतात. स्कार्फ आधी, हेल्मेट नंतर आणि गॉगल शेवटी, या क्रमाने घाला. काड्या सरळ आणि पातळ असतील तर हेल्मेटखाली कान दुखत नाहीत. श्वासाने काच धूसर होत असेल तर स्कार्फची वरची कड नाकाच्या हाडावर घट्ट बसवा. फ्रेम घेताना खाली वाका, हसा, मान झटका. गालांनी गॉगल वर उचलला जात असेल किंवा पापण्यांचे केस काचेला लागत असतील तर दुसरी फ्रेम बघा. घामाने घसरू नये म्हणून नाकाशी रबरी पट्टी हवी.

मुलं, वय आणि जपणूक

लहान मुलांच्या डोळ्यातलं भिंग मोठ्यांपेक्षा जास्त स्वच्छ असतं, त्यामुळे अतिनील किरण आत खोलवर पोहोचतात. गड्ड्याच्या यात्रेत मिळणारे रंगीत प्लास्टिकचे गॉगल खेळायला ठीक, उन्हात दिवसभर घालायला नकोत. मुलासाठी टोपी आधी घ्या, मग पॉलिकार्बोनेटचा, त्याच्या मापाचा गॉगल.

पन्नाशीनंतर चकाकीचा त्रास वाढतो. समोरच्या गाडीच्या दिव्याभोवती वलयं दिसत असतील, उन्हातून आत आल्यावर सरावायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागत असेल, तर आणखी गडद गॉगल घेऊन ते झाकू नका. मोतीबिंदूची किंवा काचबिंदूची तपासणी करून घ्या. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर देतात तो काळा चष्मा त्या काही दिवसांपुरता असतो. तो वर्षभर रस्त्यावर घालून फिरणारे आजोबा आपल्या प्रत्येकाच्या ओळखीचे असतील. त्यांना साधा तिसऱ्या वर्गाचा गॉगल आणून द्या.

घरात, दुकानात, कार्यालयात शिरताना गॉगल काढावा. आतल्या ट्यूबलाइटच्या उजेडातही गडद काच लावून बसण्याची सवय लागली की डोळा अंधाराला सरावतो आणि बाहेरचा साधा उजेडही बोचू लागतो. उजेड कायमच सहन होत नसेल तर त्यामागे कोरडेपणा किंवा डोळ्यातली सूज असू शकते, ते दाखवून घ्यावं.

काच कोरडी पुसू नये. सोलापूरच्या धुळीत मातीचे बारीक टोकदार कण असतात, आणि सदऱ्याच्या टोकाने किंवा पदराने घासलं की तेच कण काच कोरतात. आधी पाण्याची धार, बोटावर साबणाचा एक थेंब, पुन्हा पाणी, मग मऊ कापड. गॉगल गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. मेच्या दुपारी बंद गाडीत फ्रेम मऊ पडून वाकते आणि काचेवरचा थर तडकतो. ओरखड्यांनी भरलेली काच उजेड पसरवते, म्हणजे ज्या चकाकीसाठी गॉगल घेतला तीच ती वाढवते. अशी काच दिसली की फ्रेम ठेवा, काच बदला.

एक ताकीद ग्रहणाबद्दल. २ ऑगस्ट २०२७ रोजी दुपारनंतर भारताच्या बऱ्याच भागातून खंडग्रास सूर्यग्रहण दिसणार आहे. त्या दिवशी कुठल्याही वर्गाचा, कितीही महागाचा, पोलराइज्ड किंवा दोन एकावर एक लावलेला गॉगल सूर्याकडे बघायला चालणार नाही. डोळ्याचा पडदा भाजतो तेव्हा वेदना होत नाहीत, म्हणून माणसाला वेळेवर कळतही नाही. ग्रहणासाठी आयएसओ १२३१२-२ असं लिहिलेले खास चष्मे असतात. ते एकेका वेळी थोडा वेळ वापरायचे, आणि पापुद्र्यावर टाचणीएवढं भोक दिसलं तरी फेकून द्यायचे.